फिकट रंगांचं घर : पेस्टल रंग निवडताना काय बघावं?

सायलीवेल

नमस्कार मंडळी. डोंबिवलीतलं आमचं घर १४ वर्षांनी रंगवायला काढतोय. तिसरा मजला, दोन बेडरूम. हॉल पश्चिमेला, स्वयंपाकघर आणि आमची खोली पूर्वेला, ७६ वर्षांच्या सासूबाईंची खोली उत्तरेला. घर घेतलं तेव्हा हॉलची एक भिंत केशरी 'हायलाइट' केली होती आणि बाकी सगळीकडे ऑफव्हाइट. तेव्हा ती भिंत आवडली होती. आता दीड तास लोकलमध्ये उभं राहून घरी आलं की ती अंगावर येते.

या वेळी सगळं घर फिकं आणि शांत करायचंय. शेडकार्डावर तीन रंगांवर बोट ठेवलंय : पिस्ता, अगदी फिकी अबोली आणि लव्हेंडर. मिस्टरांचं म्हणणं, घर दवाखान्यासारखं दिसेल. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांना फारसं पटलेलं नाही हे मला कळतंय. मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याच्या हातात कायम स्केचपेन. फरशी पिवळसर हस्तिदंती. सोफा सागवानी, सासऱ्यांनी सुताराला घरी बसवून करून घेतलेला, तो कुठेही जाणार नाही.

दिवाळीच्या आधी काम उरकायचंय. ज्यांच्या घरी असे रंग आहेत त्यांचे अनुभव हवेत. किती दिवस छान दिसतात, डाग पडले तर काय करता, कुठला रंग कुठल्या खोलीत चालला नाही, सगळं सांगा.

पारवा

छान विषय. मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे.

पहिलं म्हणजे शेडकार्ड बाजूला ठेवा. त्यावरचा चौकोन जेमतेम दोन बोटांएवढा असतो, म्हणून तो भिंतीवर दिसेल त्याहून फिका भासतो. तोच रंग चारही भिंतींवर चढला की एका भिंतीचा उजेड दुसऱ्या भिंतीवर पडतो आणि रंग दाट होतो. 'कार्डावर किती नाजूक होता, भिंतीवर बर्फीसारखा झाला' ही तक्रार पिस्त्याबद्दल मी सगळ्यात जास्त वेळा ऐकली आहे. कार्डावर जो आवडतो त्याच्या एक-दोन पायऱ्या वरचा, म्हणजे आणखी फिका, किंवा थोडा राखाडीकडे झुकणारा घेतला की भिंतीवर मनासारखा उतरतो.

नमुन्याची छोटी डबी मिळते ती आणा आणि दोन फूट बाय दोन फूट जाड पुठ्ठ्यावर दोन हात द्या. थेट भिंतीवर नको. मागे केशरी असेल तर डोळा फसतो. कडेने पुठ्ठ्याची पांढरी पट्टीही सोडू नका. तो पुठ्ठा सकाळी, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. फरशीजवळ ठेवून मुद्दाम बघा, कारण पिवळसर टाइल्स आपला पिवळेपणा खालच्या तीन-चार फुटांवर टाकतात. अबोलीला ते मानवतं. लव्हेंडरला अजिबात नाही, जांभळ्यावर पिवळं पडलं की तो मळका दिसतो.

तुमच्या पश्चिमेच्या हॉलमध्ये दुपारनंतरचं ऊन पिवळं-नारिंगी येणार. त्या वेळी गुलाबीकडे जाणारा रंग फार तापतो. थंड बाजूचा, हिरवट किंवा निळसर, तिथे शांत राहतो. आणि सागवान मुळात नारिंगी तपकिरी, त्याच्यामागे फिका हिरवा-निळा आला की लाकूड उठून दिसतं. सोफा जाणार नाही म्हणताय ना, मग रंग त्या सोफ्याशी जुळवा. तुमच्या हॉलमध्ये सगळ्यात देखणी वस्तू तीच असणार.

तिनसांज

वाचतेय. आमचंही पुढच्या वर्षी निघणार आहे.

ब्रशपट्टी

मी २२ वर्षं रंगकामाच्या धंद्यात आहे, कल्याण-ठाणे पट्ट्यातच. रंग कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा, मी भिंतीचं सांगतो. पेस्टलमध्ये अर्धं काम भिंतीचं असतं.

गडद रंग खालच्या खोड्या झाकतो. फिक्या रंगावर खिडकीचा उजेड तिरका पडला की पट्टीचा प्रत्येक वळसा दिसतो. म्हणून जुना रंग नीट खरवडून, भेगा उघडून, लांबी (पुट्टी) दोन वेळा भरायला सांगा आणि पॉलिश पेपर मारताना बल्ब भिंतीला चिकटवून धरायला सांगा. कामगार कंटाळा करतात, तुम्ही समोर उभ्या राहा. धूळ पूर्ण पुसल्याशिवाय प्रायमर नको.

तुमच्या केशरी भिंतीवर थेट पिस्ता मारला तर तीन हात देऊनही आतून कळकट पिवळा डोकावत राहील. तिथे पांढऱ्या प्रायमरचे दोन हात घ्या, मग रंगाचे दोन. हे पैसे वाचवू नका.

फिक्या शेड पांढऱ्या बेसमध्ये बनतात. दुकानातलं मशीन त्या बेसमध्ये कलरंटचे मोजून थेंब सोडतं. एका डब्यात काही मिलिलिटरच पडतात, म्हणून एखादा थेंब कमी-जास्त झाला तरी फिक्या शेडमध्ये फरक दिसतो. एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या. दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच वापरा. झाकणावर फॉर्म्युल्याचं स्टिकर असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. तीन वर्षांनी कपाट हललं आणि पॅच मारायची वेळ आली की तोच उपयोगी पडतो. थोडा रंग घट्ट झाकणाच्या बरणीत काढून ठेवला तर आणखी बरं.

हिशोब असा : एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण ६० ते ७० चौरस फूट. दहा बाय सोळाचा हॉल, उंची साडेनऊ, दारं-खिडक्या वजा करून ४०० च्या आसपास भिंत भरते, म्हणजे सहा ते सात लिटर. कुणी दहा लिटर सांगितलं तर बाकीचा कुठे जाणार ते विचारा.

आता मुख्य गोष्ट. दिवाळीआधी करायचं म्हणताय, पण पश्चिमेची भिंत पावसाळाभर भिजलेली असते. दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला बंद करा. २४ तासांनी आतून थेंब धरले असतील तर भिंत अजून ओली आहे. तेव्हा रंग मारला तर सहा महिन्यांत पोपडे येतील आणि त्यामागे लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड दिसेल. त्यात पेंटरला दोष देऊन काही होत नाही. ओल कुठून येते ते आधी शोधा, बाहेरची तड बुजवा, मग रंग.

सायलीवेल

@पारवा, @ब्रशपट्टी, मनापासून आभार. आज रात्रीच प्लास्टिक लावते. पश्चिमेच्या खिडकीखाली गेल्या वर्षी पोपडे आले होते, तेव्हा आम्ही वरून लांबी मारून मोकळे झालो होतो.

आगरातली

पेस्टल हा शब्द नवा असेल, पण हे रंग आपल्या घरांना नवे नाहीत. आमचं घर गुहागरच्या बाजूला. गणपतीच्या आधी चुना काढायचा, हा लहानपणीचा ठरलेला कार्यक्रम. कळीचा चुना मोठ्या पिंपात विरवायचा, तो खदखदायचा, वाफ यायची आणि आम्हा मुलांना लांब उभं करायचे. थंड झाला की गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि शेवटी निळीची पुरचुंडी. आजी ती पुरचुंडी पिंपात नुसती फिरवायची. किती फेऱ्या हे तिच्या हाताला माहीत होतं.

कुंच्याने पहिला हात मारला की भिंत जवळजवळ पारदर्शक, ओली, राखाडी दिसायची. मला दर वर्षी वाटायचं, या वेळी बिघडलं. आजी म्हणायची, 'झोप जा, सकाळी बघ.' आणि सकाळी पडवीतल्या भिंतीला तो निळसर पांढरा आलेला असायचा. उन्हात तो पांढरा वाटायचा आणि सावलीत आकाशी. पुढे कॉलेजात कळलं की ओल उडाली की चुना पांढरा होतो आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होत जातो. आणि चुना इतका दाहक असतो की बरेचसे रंग त्यात टिकत नाहीत. नीळ टिकते, गेरू टिकतो, पिवडी (पिवळी माती) टिकते. म्हणून कोकणातल्या घरांना निळसर, फिका गुलाबी आणि फिका पिवळा हेच रंग दिसायचे. चुन्यात थोडा गेरू म्हणजे गुलाबी, थोडी पिवडी म्हणजे लोण्यासारखा.

सायलीवेल, सासूबाईंना विचारून बघा, त्यांच्या माहेरच्या भिंती कुठल्या रंगाच्या होत्या. मला वाटतं त्यांचा विरोध रंगाला नसेल, 'लव्हेंडर' या शब्दाला असेल.

दुपारचंऊन

वा! निळीच्या पुरचुंडीवरून आमच्या वाईच्या घराची आठवण आली. अगदी असंच. +१

फोडणी

स्वयंपाकघराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. आमचं स्वयंपाकघर पाच वर्षांपूर्वी पिस्ता केलं. ओट्यामागे चार फूट टाइल्स आहेत, त्याच्या वर रंग.

एकदा डाळ फोडणीला टाकताना हळदीच्या तेलाचा शिंतोडा टाइल्सच्या वर भिंतीवर उडाला. मी घाईने भांड्याचा साबण लावून घासला आणि तो पिवळा डाग लालभडक झाला. काळजात धस्स झालं. मग लक्षात आलं, हे तर आपण कुंकवासाठी करायचो, हळदीला चुना लावला की लाल होते. साबणही तसाच क्षार जातीचा. मग नुसतं पाणी आणि चमचाभर व्हिनेगर फडक्याला लावून टिपलं, लाल परत पिवळा झाला. पिवळा मात्र निघेना. तो तसाच सोडून दिला. खिडकी पूर्वेची, सकाळचं ऊन बरोबर तिथे येतं. दहा-बारा दिवसांत डाग फिका होत होत नाहीसा झाला. हळद उन्हाला टिकत नाही. कपड्यांना आपण हेच करतो, भिंतीलाही लागू पडलं.

तुमचं स्वयंपाकघर पूर्वेलाच आहे, तेव्हा हळदीची फार काळजी करू नका. तेलाच्या वाफेची करा. स्वयंपाकघरात मॅट फिनिश घेऊ नका, त्यावर घासलं की चमकदार चट्टे पडतात. मंद चमक असलेला, धुता येणारा घ्या. मुलगा झोपतो त्या खोलीतही तोच. हॉलमध्ये मॅट चालेल.

देवघर भिंतीला लागून असेल तर समईच्या काजळीचं बघा. आमच्याकडे समईमागे पितळी पत्रा लावलाय. काजळी पत्र्यावर बसते, आठवड्याला चिंचेने घासते. आणि ज्योतीचा उजेड पत्र्यावरून खोलीभर पसरतो तो वेगळाच.

गुलबक्षी

मी थोडं वेगळं मत मांडते. मला सगळं घर पेस्टल करणं पटत नाही. आपण गडद रंगांची माणसं आहोत. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, कोनफळी, चिंतामणी, एवढी नावं आपल्या बायकांनी लुगड्यांच्या रंगांना दिली आहेत. ज्या घरात अशा साड्या नेसल्या जातात त्या घराच्या भिंती पाणी घातल्यासारख्या का असाव्यात?

शिवाय ही लाट आहे. रंगांचे नमुने ठरवणाऱ्या पॅन्टोन कंपनीने २०१६ साली फिका गुलाबी आणि फिका निळा असे दोन रंग वर्षाचे रंग म्हणून निवडले, २०२४ साली पीच निवडला, आणि प्रत्येक वेळी पडद्यांपासून बादल्यांपर्यंत सगळं त्या रंगाचं झालं. घर आपण दहा-पंधरा वर्षांसाठी रंगवतो. लाट ओसरल्यावरही तो रंग आवडणार आहे का, हे स्वतःला विचारा. आमच्या हॉलची एक भिंत विटकरी आहे, १२ वर्षं झाली, आजही संध्याकाळी दिवा लावला की ती भिंत मला जवळ घेते.

पारवा

@गुलबक्षी, तुमची विटकरी भिंत मला बघायला आवडेल. लाटेबद्दल तुमच्याशी सहमत. पण साड्यांबद्दल उलटं वाटतं. डाळिंबी पैठणी डाळिंबी भिंतीसमोर बुडून जाते. तीच फिक्या मोतिया भिंतीसमोर उभी राहिली की काठावरचा मोर दिसतो. पितळेचंही तसंच. फिक्या हिरव्या भिंतीसमोर घंगाळ ठेवून बघा, ते उजळून निघतं. फिका रंग घराला रंगहीन करतो असं नाही, घरात आधीच असलेल्या रंगांना तो बोलू देतो. बिघडतं ते भिंत फिकी, पडदा फिका, सोफा फिका, चादर फिकी असं सगळंच एका पट्टीत बसवलं की. मग दवाखाना होतो. सायलीवेल यांच्या मिस्टरांची भीती तिथे खरी आहे.

समई

मी हा धागा दोन दिवस वाचतेय आणि एका गोष्टीची वाट बघत होते. घरात ७६ वर्षांच्या सासूबाई आहेत, हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिलंत. त्याबद्दल माझा अनुभव सांगते.

माझी आई आमच्याकडे असते. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिची खोली फिकी आकाशी केली, तिचं बाथरूम पूर्ण पांढरं. पांढऱ्या टाइल्स, पांढरं कमोड, पांढरी फरशी. मला ते फार स्वच्छ आणि सुंदर वाटायचं. महिनाभराने ती बाथरूममध्ये पडली. सुदैवाने मोडलं काही नाही. मी विचारत राहिले, पाय घसरला का, चक्कर आली का. ती म्हणाली, 'अगं, कमोड कुठे सुरू होतो तेच दिसेना.' तिला तो महिनाभर नीट दिसत नव्हता आणि ती हाताने चाचपून जात होती. मला तिने सांगितलं नव्हतं, कारण मी एवढ्या हौसेने केलं होतं.

वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं. एकमेकांजवळचे फिके रंग वेगळे ओळखू येत नाहीत. निळा-जांभळा तर राखाडीच दिसायला लागतो. तिची आकाशी खोली तिच्यासाठी आकाशी नव्हतीच. हे मला कसं कळलं? पुढे तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आलो, ती खोलीच्या दारात थांबली आणि म्हणाली, 'भिंत एवढी निळी कधी केलीत?' दोन वर्षं ती त्याच खोलीत झोपत होती.

तेव्हा पेस्टल जरूर करा, पण सासूबाईंच्या वाटेवरच्या गोष्टी गडद ठेवा. दाराची चौकट गडद. दिव्याची बटणं पांढऱ्या भिंतीवर पांढरी नकोत, भोवती हातभर गडद चौकोन रंगवून घ्या. कमोडची सीट गडद रंगाची मिळते. बाथरूममधला धरायचा दांडा भिंतीच्या रंगाचा नको. उंबरठ्याला वेगळ्या रंगाची पट्टी. आणि त्यांची खोली उत्तरेची आहे, तिथे लव्हेंडर नको. उत्तरेचा उजेड निळसर असतो, त्यांच्या डोळ्यांना ती भिंत धुरकट दिसेल. केवड्यासारखा फिका पिवळा किंवा बदामी द्या, तो त्यांना रंग म्हणून दिसेल.

सायलीवेल

समईताई, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. मी आत्ता उठून आईंच्या बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. पांढरंच आहे सगळं. विचारलं, तर म्हणाल्या, 'रात्री दिवा लावल्यावर चकाकतं, म्हणून मी भिंतीला धरून जाते.' चौदा वर्षं एका घरात राहून मी हे कधी विचारलं नव्हतं.

वाटसरू

दिव्यांचं मी सांगतो, माझं काम त्याचंच. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, उजेड पिवळा की निळसर ते तो सांगतो. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० चा पांढरा, निळसर उजेड असतो. त्यात अबोली फिकट राखाडी दिसते आणि पिस्ता हॉस्पिटलच्या पडद्यासारखा. रंग बदलण्याआधी एक बल्ब बदलून बघा. हॉल आणि झोपायच्या खोलीत ३०००, स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४०००. त्याच खोक्यावर रंग किती खरे दिसतील याचा आकडा असतो, सी आर आय म्हणून, तो ९० च्या जवळचा घ्या. थोडा महाग पडतो, पण फिक्या रंगांसाठी तो पैसा वसूल होतो. पुठ्ठा बघाल तो नव्या बल्बखालीच बघा. आणि आईंच्या बाथरूममध्ये बल्ब डोळ्यांवर थेट येणार नाही असा, झाकण असलेला बसवा, चकाकी कमी होईल.

मांडवीकाठ

पणजीहून. इथल्या फॉन्तेन्यश या जुन्या वस्तीतल्या घरांचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील : पिवळी, निळी, विटकरी, हिरवी. जवळून बघाल तेव्हा भिंतीचा रंग सोडून कडा बघा. प्रत्येक खिडकीभोवती, कोपऱ्यावर आणि छपराखाली पांढरी पट्टी आहे. त्या पट्टीमुळे रंगाला आकार येतो. पावसाने रंग उतरून अगदी फिका झालेला असतो तेव्हाही घर मरगळलेलं दिसत नाही, ते त्या कडांमुळे. चुन्याचे रंग असल्याने पूर्वी दर पावसाळ्यानंतर पुन्हा हात मारायचे, अजूनही काही घरांत तेच चालतं.

आमच्या घरी आत फिका हिरवा आहे आणि दारं-खिडक्यांना पांढरी चौकट. चौकट समईताईंनी म्हटल्यासारखी गडद केली तरी काम तेच होईल. फिक्या रंगाला कड हवी.

हिमकण

एडिनबऱ्याहून लिहितेय. इथे डिसेंबरात जेमतेम सात तास उजेड असतो आणि तोही ढगांतून गाळून आलेला. मी हौसेने फिका निळा दिला होता, ज्या निळ्याने सोलापूरच्या उन्हात गार वाटायचं तोच. इथे त्या खोलीत बसलं की नोव्हेंबरपासून रडू यायला लागलं. शेवटी पीच दिला आणि खोली सावरली. मी हे एवढ्यासाठी लिहितेय की परदेशातल्या घरांचे फोटो बघून रंग ठरवू नका. ते रंग त्या उजेडासाठी निवडलेले असतात. डोंबिवलीच्या उन्हात तुम्हाला थंड रंगाची चैन परवडते, ती करा.

ब्रशपट्टी

एक राहिलं. दारांना, ग्रिलला जुना ऑइल पेंट असेल आणि तोही १४ वर्षांपूर्वीचा, तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, खास करून पिवळ्या, लाल आणि हिरव्यात. घासलेली धूळ फरशीवर बसते आणि लहान मूल तेच हात तोंडात घालतं. पाणी मारून ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा, मुलाला ते दोन दिवस दुसरीकडे ठेवा. काम झाल्यावर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

तिनसांज

हे माहीतच नव्हतं. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. धन्यवाद दादा.

सायलीवेल

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले.

प्लास्टिकच्या तुकड्यामागे थेंब धरले. खिडकीच्या छज्जाला बाहेरून तड होती, ती बुजवून घेतली आणि भिंत वाळेपर्यंत थांबायचं ठरवलं. परवा दुसऱ्यांदा प्लास्टिक लावलं तर अजून किंचित दमट आहे. त्यामुळे हॉल दिवाळीआधी होणार नाही. वाईट वाटलं, पण पुन्हा पोपडे नकोत.

आगरातली, तुमचं ऐकून आईंना माहेरच्या भिंतींबद्दल विचारलं. त्या उठल्या आणि माळ्यावरून एक गोधडी काढायला लावली. त्यांच्या आईने शिवलेली, जुन्या सुती लुगड्यांची. मला वाटलं होतं, विषय बदलला. त्यांनी ती पलंगावर उलगडली आणि एका तुकड्यावर हात ठेवून म्हणाल्या, 'हा आमच्या माजघराचा रंग.' ते कधीतरी हिरवं लुगडं असणार. पन्नासेक वर्षं धुऊन धुऊन, उन्हात वाळून, त्यात फक्त हिरव्याची आठवण उरलेली आहे, जरा राखाडी, जरा पिवळट. मी शेडकार्ड घेऊन बसले तर माझा पिस्ता त्याच्या शेजारी अगदी कच्चा, गोळीच्या औषधासारखा दिसला. शेजारचा तुकडा अबोलीकडे जाणारा, त्याच्या शेजारी हळदीचा फिका. त्या गोधडीत माझे सगळे रंग एकमेकांशेजारी पन्नास वर्षं नांदत होते.

मग आम्ही दोघी गोधडी पिशवीत घालून रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने यंत्राने रंग मोजून तीन शेड काढून दिल्या. हिरवी तंतोतंत आली नाही, यंत्र विणीच्या सावल्याही मोजतं म्हणे, म्हणून एक पायरी वर घेतली. पुठ्ठे रंगवले. ३००० चे बल्ब आधीच लावले होते. दुपारी चारला, पश्चिमेचं ऊन सोफ्यावर आलेलं असताना मिस्टरांनी हिरवा पुठ्ठा सोफ्यामागे धरला. ते काही बोलले नाहीत. नुसता पुठ्ठा तिथेच पाठीला टेकवून ठेवला आणि चहाला गेले. दोन दिवस तो तिथेच होता.

हॉलला तो हिरवा, आईंच्या खोलीला हळदीचा फिका, आमच्या खोलीला अबोली. लव्हेंडर रद्द. आईंची खोली झाली, तिथे ओल नव्हती. चौकट गडद तपकिरी, बटणांभोवती तोच चौकोन. कमोडची सीट बदलली, ती आईंनी स्वतः निवडली, काळी. बाथरूममध्ये दांडा कुठे हवा ते त्यांनी भिंतीवर पेन्सिलने खूण करून दाखवलं. मी जिथे धरला असता त्याच्या बरंच खाली होती ती खूण.

समई

ती पेन्सिलची खूण वाचून फार बरं वाटलं. काळी सीट उत्तम.

आगरातली

गोधडी! हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे तीन आहेत.

गुलबक्षी

सायलीवेल, लाटेबद्दलचं माझं म्हणणं तुमच्या घराला लागू नाही. हॉल झाला की गोधडीसकट फोटो टाका.

सायलीवेल

नक्की टाकेन. गोधडी आता सोफ्याच्या पाठीवर घालणार आहे, पण पश्चिमेच्या उन्हात ती आणखी फिकी होईल अशी भीती वाटते. दुपारी घडी करून ठेवेन म्हणते. बाल्कनीचं दार तेवढं राहिलंय, हिरवा ऑइल पेंट आहे, तो शनिवारी ओला करून घासतोय. मुलाला त्या दिवशी मावशीकडे पाठवतेय.